ताम्रद्वीपाची दक्षिणवाट

दक्षिणेकडच्या वाटेला जायचं नाही, एवढी एकच अट होती. बाकी ताम्रद्वीपावर कशाचीच वाण नव्हती. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या 500 व्यापाऱ्यांना तिथल्या बायकांनी घरात घेतलं, जेवूखाऊ घातलं, त्यांच्याशी संसार मांडले. मुलंबाळं झाली. एका रात्री सार्थवाहाचा, म्हणजे व्यापारी तांड्याच्या प्रमुखाचा, मुलगा सिंहल शेजारी झोपलेल्या बायकोची चाहूल घेत उठला आणि तलवार घेऊन त्या नको म्हटलेल्या वाटेला लागला. वाटेच्या टोकाला लोखंडी तट उभा होता. त्याला ना दार, ना खिडकी. आतून माणसांचं रडणं ऐकू येत होतं. सिंहल शिरीषाच्या झाडावर चढला आणि त्याने आतल्यांना हाक मारली. उत्तर आलं ते असं: आम्हीही जंबुद्वीपाचेच व्यापारी. आमचंही जहाज फुटलं, आम्हालाही याच बायकांनी घरात घेतलं. मग तुमचं जहाज फुटलं, आणि त्यांनी आम्हाला इथे आणून कोंडलं. आता त्या आमच्यातल्या एकेकाला खातात.

अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात, आत शिरल्यावर उजव्या हाताच्या भिंतीवर ही गोष्ट रंगवलेली आहे. पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात. हल्ली लहान मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही ज्या अ‍ॅनिमेशन मालिका निघतात, त्यांत एखादा भाग असा असतो की मालिका विसरली तरी तो विसरत नाही. परीकथेसारखा सुरू होतो, सगळं गोड असतं, एक दार तेवढं उघडायचं नसतं, आणि ते दार उघडलं की कळतं, आपल्या आधीही इथे कुणीतरी आलं होतं. त्या भागाचा सांगाडा आणि ताम्रद्वीपाच्या गोष्टीचा सांगाडा एकच आहे. महाराष्ट्रात तो पंधराशे वर्षं भिंतीवर आहे, तोही रंगांत, आणि एकापुढे एक प्रसंग मांडून. अजिंठा म्हटलं की पद्मपाणी आणि त्याची मिटत आलेली पापणी आठवते. वाघूर नदीच्या या घळीत भीतीसुद्धा तितक्याच ताकदीने रंगवली गेली, हे मात्र फारसं बोललं जात नाही.

गोष्ट पुढे अशी जाते. कोंडलेले लोक सुटकेचा एक मार्ग सांगतात. पौर्णिमेला बालाह नावाचा घोडा समुद्रकाठी येतो, नांगराशिवाय उगवलेला भात खातो आणि विचारतो, पलीकडे कोणाला जायचं आहे? त्याच्या आधाराने समुद्र ओलांडता येतो. पण मागे वळून पाहायचं नाही. ही माझी बायको, हे माझं पोर, असं मनात आलं की संपलं. सिंहल सगळ्यांना घेऊन घोड्याकडे जातो. घोडा उडतो. खाली किनाऱ्यावर बायका मुलांना कडेवर घेऊन धावत येतात, हाका मारतात, आणि एकेक व्यापारी वळून पाहतो, एकेक जण खाली पडतो. पडला की राक्षसिणी त्याला फाडून खातात. पलीकडच्या काठावर एकटा सिंहल उतरतो.

ही मागे न पाहण्याची अट मराठी वाचकाला परकी नाही. देव प्रसन्न होऊन भक्ताच्या मागून चालू लागतो, भक्ताला राहवत नाही, तो वळून पाहतो आणि देव त्याच जागी थांबतो, ही कथा महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांबद्दल सांगतात. तिथे वळून पाहिल्याने देऊळ उभं राहतं. ताम्रद्वीपावर वळून पाहिल्याने माणूस जातो. आणखी एक फरक लक्षात घ्यावा असा आहे. आपल्याकडच्या हडळीचे पाय उलटे असतात. सावध माणसाला तेवढी खूण पुरते. सिंहलाच्या बायकोला अशी कुठलीच खूण नाही. तिचं सगळं सरळ आहे. तिच्याबद्दल जे कळतं ते दुसऱ्याच्या तोंडून, तटाआडून, आणि त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे प्रत्येकाने आपलं आपण ठरवायचं.

पाली जातकांत हीच कथा 196 व्या क्रमांकावर, वलाहस्स जातक म्हणून येते. तिथे हिशेब सौम्य आहे: 500 पैकी 250 जण घोड्याचं ऐकतात आणि वाचतात. ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथातली कथा जास्त कठोर आहे. तिथे एकच जण वाचतो, आणि तो घरी पोचला तरी गोष्ट संपत नाही. अजिंठ्याच्या चित्रकाराने निवडली ती ही लांब, कठोर कथा.

कारण खरी भीती इथून पुढे आहे. राक्षसीण त्याच्या मागोमाग येते. तिने सिंहलासारखंच दिसणारं एक मूल निर्माण केलं आहे. ते कडेवर घेऊन ती वाटेत भेटेल त्याला सांगते: मी ताम्रद्वीपाच्या राजाची मुलगी, याने माझ्याशी लग्न केलं, जहाज बुडालं म्हणून मला अपशकुनी ठरवलं आणि टाकून आला. लोक मुलाकडे बघतात, सिंहलाकडे बघतात. कोणावर विश्वास ठेवणार? सिंहलाचे आईवडीलही तिची बाजू घेतात. प्रकरण राजा सिंहकेसरीच्या दरबारात जातं. सिंहल सांगतो, ही राक्षसीण आहे. राजा म्हणतो, तुला नको असेल तर मला दे. सिंहल उत्तर देतो: मी देतही नाही आणि अडवतही नाही. राजा तिला अंतःपुरात नेतो. त्याच रात्री ती ताम्रद्वीपाहून आपल्या साऱ्या सोबतिणींना घेऊन येते. सकाळी राजवाड्याचं दार उघडत नाही. वर गिधाडं घिरट्या घालू लागतात. सिंहल भिंतीला शिडी लावून, तलवार उपसून चढतो आणि आत उरलेल्या राक्षसिणींना हाकलतो. मग लोक त्यालाच राजा करतात. तो सैन्य घेऊन समुद्र ओलांडतो, ताम्रद्वीप जिंकतो आणि त्या बेटाला पुढे सिंहलद्वीप म्हणू लागतात.

ग्रंथात एक बोचणारी जागा आहे. सिंहल ‘ही राक्षसीण आहे’ म्हणतो, तेव्हा त्याची समजूत घालणारी वडीलधारी माणसं म्हणतात, सगळ्याच बायका राक्षसिणी असतात, तू क्षमा कर. लिहिणाऱ्याची नजर त्या वाक्यात उघडी पडते. संसार सोडलेल्या भिक्खूंसाठी आणि भिक्खूंनीच सांभाळलेलं हे साहित्य आहे. बाई म्हणजे पाश, हे त्यातलं गृहीत. भिंतीसमोर उभं राहिलं की मात्र जाणवतं, चित्रकाराची सहानुभूती इतकी आखडती नव्हती.

भिंतीवर बेटावरचा संसार आहे. तंबूत बसलेली जोडपी, हातातले पेले, एकमेकांकडे झुकलेल्या माना. अजिंठ्यात इतरत्र राण्या, सख्या आणि प्रेमिका ज्या हाताने रंगवल्या आहेत, त्याच हाताने आणि त्याच मायेने या बायकाही रंगवल्या आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर कपट दिसावं म्हणून एकही रेघ वाकडी केलेली नाही. त्याच भिंतीवर पुढे मोकळ्या केसांच्या, सुळे दाखवणाऱ्या, हातात सुरे घेतलेल्या राक्षसिणी माणसांवर तुटून पडलेल्या आहेत. एक बाई आणि दुसरी बाई यांच्यामध्ये चित्रकाराने काही ठेवलेलं नाही. रूप पालटताना दाखवणं त्याला अवघड नव्हतं, पण त्याने ते पाहणाऱ्याच्या मनावर सोडलं. भयकथेचं हे शहाणपण फार थोड्यांना साधतं: राक्षसीण कशी दिसते त्यापेक्षा ती आधी कशी दिसत होती, हे जास्त भिववणारं असतं.

दरबाराचा प्रसंग जवळून पाहावा. राजा आसनावर बसला आहे, समोर ती उभी आहे, मूल सोबत आहे. गोष्ट माहीत नसलेल्याला हे चित्र एका परित्यक्तेची दाद मागण्याची हकीकत वाटेल, आणि त्याची सगळी कणव तिच्याकडे जाईल. राजाचंही तेच झालं होतं. पाहणाऱ्याला क्षणभर राजाच्या जागी बसवण्याची ही ताकद पंधराशे वर्षांनी, रंगाचे टवके उडालेले असतानाही टिकून आहे.

मांडणीचं एक वैशिष्ट्य अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. अजिंठ्याच्या कथाचित्रांवर दीर्घकाळ काम केलेले जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी या चित्रांतला एकेक प्रसंग ग्रंथांशी ताडून पाहिला. तेव्हा असं दिसलं की अजिंठ्याचे चित्रकार पुष्कळदा काळाच्या क्रमाने जात नाहीत, जागेच्या क्रमाने जातात. राजवाड्यात घडलेलं सगळं राजवाड्यापाशी, समुद्रकाठी घडलेलं सगळं समुद्रकाठी, मग मध्ये कितीही दिवस गेलेले असोत. त्यामुळे सिंहल या भिंतीवर अनेकदा भेटतो: कुठे घोड्यापुढे, कुठे शिडीवर, कुठे डोक्यावर अभिषेकाचं पाणी घेताना. ज्या किनाऱ्याला तो जहाज फुटून लागला, तिथेच तो सैन्य घेऊन उतरतो. नावांत हत्ती उभे आहेत, भाले आणि बाण चालले आहेत, किनाऱ्यावरून राक्षसिणी उलटून येताहेत. गोष्ट वाचत जाण्याऐवजी त्या भूमीत फिरावं तसं हे चित्र पाहावं लागतं. डोळा एकदा फिरला की पुरत नाही. लढाई पाहून पुन्हा मेजवानीकडे आलं की मेजवानीचा अर्थ बदललेला असतो.

डोंगरातल्या भिक्खूंच्या मठाला समुद्राची एवढी भीती कशासाठी? अजिंठा ते समुद्र हे अंतर मोठं आहे. पण ही लेणी एकांतासाठी खोदली असली तरी रहदारीपासून तुटलेली नव्हती. पैठणहून उत्तरेला उज्जैनकडे जाणाऱ्या वाटा याच घाटाच्या परिसरातून उतरत, आणि नाणेघाटासारख्या घाटांनी पैठणचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना जाई. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या टप्प्यातल्या 12 क्रमांकाच्या लेण्यात घनामदड नावाच्या वाण्याचं दान कोरलेलं आहे. 2 क्रमांकाच्या लेण्यात शिडांचं जहाज रंगवलं आहे, ते सोपाऱ्याच्या पूर्णाच्या कथेतलं. त्याचा भाऊ समुद्रात संकटात सापडतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांत 7 व्या लेण्याच्या दर्शनी भागात करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याच्याभोवती आठ संकटं कोरली आहेत, त्यांत फुटणारं जहाजही आहे. ‘कारण्डव्यूह’ या ग्रंथात तर बालाह घोडा म्हणजे स्वतः अवलोकितेश्वरच, असं सांगितलं आहे.

सार्थाबरोबर निघालेला माणूस वर्षानुवर्षं घरी येत नसे. परमुलखात त्याचा दुसरा संसार थाटला जाई. इकडे घरच्यांना त्या संसाराची भीती, तिकडे त्याला परतण्याची. ताम्रद्वीपाच्या राक्षसिणी याच व्यवसायाच्या पोटातून जन्मल्या आहेत. नफ्यासाठी निघालेला, अनोळखी किनाऱ्यावर अडकलेला, तिथल्या मायेने बांधला गेलेला आणि परत आल्यावर मागच्या आयुष्याने गाठलेला माणूस. असे किती तरी जण या मठाच्या ओसरीवर विसाव्याला बसले असतील. त्यांना ही गोष्ट परीकथा वाटली नसणार.

अजिंठ्याचं हे 17 वं लेणं खोदवलं कोणी, ते त्याच्या ओसरीतला संस्कृत लेख सांगतो. हरिषेणाच्या अंमलाखालच्या एका स्थानिक राजाचं हे दान आहे; अभ्यासक त्याला बहुधा उपेंद्रगुप्त म्हणतात. त्याचा धाकटा भाऊ रविसांब अकाली गेला, त्या दुःखातून संसाराच्या अनित्यतेचा विचार त्याच्या मनात पक्का झाला आणि तो दानधर्माकडे वळला, असं लेखात आहे. सगळं असून एका रात्रीत हातातून जाऊ शकतं, हे जाणणाऱ्या माणसाच्या पैशातून ही भिंत रंगली. दाराच्या वर आठ बुद्ध आहेत, त्यांच्या खाली आठ प्रेमी युगुलं. त्या युगुलांखालून आत जायचं आणि 20 खांबांच्या मंडपात उजवीकडे ताम्रद्वीप पाहायचं.

एवढी गुंतागुंतीची गोष्ट पाहणाऱ्याला कळायची कशी? त्याचं उत्तर याच लेण्याच्या ओसरीत आहे. तिथे भवचक्राचं, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचं चित्र होतं, त्याचा काही भाग अजून दिसतो. मूलसर्वास्तिवादी भिक्खूंच्या परंपरेत आणि ‘दिव्यावदाना’तही असा निर्देश आहे की विहाराच्या प्रवेशाशी हे चक्र काढावं आणि येणाऱ्या गृहस्थांना त्याचा अर्थ समजावून सांगायला एक भिक्खू नेमावा. चित्र आणि ते सांगणारा माणूस अशी ही जोडी होती. एका चक्रासाठी माणूस नेमणाऱ्या मठात एवढी कथाचित्रं कोणी सांगतच नसेल, असं मानणं कठीण आहे. आतल्या अंधारात दिव्याचा उजेड जेवढ्या जागेवर पडेल तेवढाच प्रसंग दिसणार. दिवा पुढे सरकला की पुढचा प्रसंग उजळणार. घोडा कधी दाखवायचा, गिधाडं कधी दाखवायची, हे दिवा धरणाऱ्याच्या हातात होतं. चित्र हलतं करण्याची कला यापेक्षा वेगळी ती काय?

हरिषेणानंतर वाकाटकांची सत्ता कोसळली आणि अजिंठ्याचं काम थोड्याच काळात थांबलं. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी सारं आयुष्य घालवून जी कालगणना मांडली तिच्यानुसार दुसऱ्या टप्प्याचं सगळं काम साधारण 462 ते 480 या दोन दशकांत झालं. सगळ्यांना ती मान्य नाही, पण लेणी अर्धवट राहिल्याच्या खुणा जागोजाग दिसतात. पुढे सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग भारतात फिरला. त्याच्या प्रवासवृत्ताच्या 11 व्या खंडात महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका मोठ्या विहाराचं वर्णन आहे: अचल नावाच्या अर्हताने उभारलेला, भिंतींवर बोधिसत्त्वाच्या कथा असलेला, दाराशी दगडी हत्ती असलेला. हे अजिंठाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अचलाचं नाव 26 व्या लेण्यातल्या लेखात आहे आणि हत्ती 16 व्या लेण्याच्या पायथ्याशी आजही उभे आहेत. त्याच खंडात, थोड्या पानांआधी, सिंहलाची कथाही आहे. त्याच्या सांगण्यात राक्षसिणींच्या नगरावर दोन ध्वज आहेत, एक शुभ सांगणारा, एक अशुभ. अजिंठ्याचं वर्णन आणि अजिंठ्यात रंगवलेली गोष्ट एकाच माणसाने एकाच खंडात लिहावी, हा योगायोग सुखावणारा आहे.

गोष्ट तर कुठल्या कुठे गेली. काठमांडूच्या नेवार व्यापाऱ्यांनी ती आपली केली. त्यांच्या सांगण्यात राक्षसिणी ल्हासाच्या वाटेवर भेटतात, आणि ठमेलमध्ये सिंहसार्थबाहूचं देवस्थान आहे. कंबोडियात अंगकोरजवळच्या नीक पेआनच्या तळ्यात बाराव्या शतकातला दगडी बालाह आहे, त्याला माणसं बिलगलेली. जपानच्या ‘कोन्जाकु मोनोगातारी’ या जुन्या कथासंग्रहात 500 व्यापारी आणि राक्षसिणींचं बेट भेटतं. जिथे जिथे व्यापारी लांबच्या वाटेला निघाले तिथे ही भीती त्यांच्या सामानात होती.

अजिंठ्यात मात्र सांगणारा उठून गेला आणि भिंत मुकी झाली. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने या घळीत आला, 10 व्या लेण्याच्या खांबावर नाव कोरून गेला, आणि लेणी जगाला पुन्हा माहीत झाली. चित्रांतल्या गोष्टी मात्र लगेच परत आल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी या भिंतीवर हत्तींच्या नावा आणि राज्याभिषेक पाहिला आणि श्रीलंकेच्या ‘महावंसा’तला राजा विजय लंकेत उतरतो तो हा प्रसंग, असं नाव दिलं. चूक सहज होण्यासारखी होती. विजयालाही बेटावर यक्षिणी भेटतात आणि त्याच्याही गोष्टीत राज्याभिषेक येतो. पण त्या नावाखाली घोडा, लोखंडी तट, कडेवरचं मूल आणि गिधाडं यांना अर्थच उरत नव्हता. जातक आणि अवदानांच्या पोथ्या छापून आल्या, अभ्यासक त्या हातात घेऊन भिंतीपुढे उभे राहिले, तेव्हा हळूहळू भिंत बोलू लागली. निजामाच्या राज्यात 1919-20 च्या सुमारास फ्रेंच पंडित आल्फ्रेड फूशे इथे आले आणि त्यांनी कितीतरी चित्रांचा कथांशी मेळ घातला. गुलाम याझदानी यांच्या अजिंठ्यावरच्या ग्रंथाचे चार भाग त्यानंतर निघाले. विजय मागे पडला, सिंहल परत आला.

तोवर भिंतीचं आणि तिच्या नकलांचंही पुष्कळ नुकसान झालं होतं. चित्रकार रॉबर्ट गिल याने 1844 पासून वर्षानुवर्षं राबून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून 1885 पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत राहिले. त्या नकलांपैकी बऱ्याच 1885 मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून नकलाकारांनी चित्रांवर वार्निश फासलं होतं. 1920 ते 1922 मध्ये इटलीहून आलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी यांनी सुटणारा गिलावा भिंतीला पुन्हा धरवला, ते मोलाचं काम होतं; पण त्यांनी लावलेलं लाखेचं लेपनही पुढे पिवळं पडलं. पाचव्या शतकात भुसा, गवत आणि दगडाची कच घातलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती आणि दूर बदख्शानहून आलेल्या लाजवर्दीचा निळा रंग, असं हे चित्र उभं राहिलं होतं. वार्निश आणि लाखेच्या लेपांमुळे या निळ्याहिरव्याचं करडं-पिवळं झालं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांनी गेल्या काही दशकांत ते थर सावकाश उतरवले आहेत.

अजिंठ्यात तुटलेली ती जोडी, चित्र आणि सांगणारा, महाराष्ट्रात इतरत्र जगत होती. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकांची नोंद आहे. अजिंठ्याच्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रं, मोठ्या डोळ्यांची आणि गडद रंगांची, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी अजूनही पोथीतलं एकेक चित्र उभं धरून, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारत सांगतात. सावंतवाडीच्या राजांचा त्यांना आश्रय होता, आणि 2021 मध्ये परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली. एक चित्र खाली, दुसरं वर, मध्ये गाणं. भिंतीऐवजी कागद आणि दिव्याऐवजी हात, एवढाच बदल.

चित्र खरोखर हलू लागलं तेही इथेच. दादासाहेब फाळके 1885 मध्ये जे. जे. मध्ये दाखल झाले, त्याच वर्षी ग्रिफिथ्स यांचं अजिंठ्याचं काम संपत होतं. तीस वर्षांनी, 1915 मध्ये, फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्या एकेक चित्रचौकट घेत हलवल्या आणि ‘आगकाड्यांची मौज’ केली. 1956 मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेच्या ‘बॅम्बी’वर काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि जी. के. गोखले यांच्यासारख्या कलावंतांबरोबर 1957 मध्ये ‘द बन्यन डिअर’ तयार झाला. कथा जातकातली, न्यग्रोध नावाच्या हरणाची. ते न्यग्रोधमृग जातक 17 व्या लेण्यातही रंगवलेलं आहे, सिंहलाच्याच मंडपात. हरणाची गोष्ट पडद्यावर गेली. त्याग आणि करुणेच्या कथा मुलांसाठी निवडल्या जातात, यात गैर काही नाही. पण ज्या मंडपात ती कथा रंगवली आहे त्याच मंडपातली सर्वांत मोठी, सर्वांत थरारक गोष्ट अजून कोणी तितक्या ताकदीने पडद्यावर आणलेली नाही. पडद्यासाठी लागणारं सगळं तिच्यात तयार आहे: रात्र, वाट, तट, पौर्णिमेचा घोडा, दरबारातला खटला, बंद दार आणि वरची गिधाडं.

फर्दापूरच्या बाजूने लेण्यांकडे निघालं की पर्यटक केंद्रात 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या प्रतिकृती उभारलेल्या आहेत. खऱ्या लेण्यात गर्दी, उजेडावरची बंधनं आणि श्वासातली ओल यांमुळे थांबून गोष्ट सांगणं अवघड, आणि तसं करूही नये. ती भिंत जपायलाच हवी. प्रतिकृतीच्या मंडपात ही अडचण नाही. पिंगुळीचा एक चित्रकथी, जवळच्या गावातली शाळेची पोरं आणि उजव्या भिंतीवर सरकवता येईल असा एक दिवा, एवढ्यावर ताम्रद्वीपाची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगता येईल. पोरं भितील. घरी जाऊन ती आजीला सांगतील, आणि आजी त्यात आपली हडळ घालून ती पुढे नेईल.